नॉर्डिक म्हणजे नेमके काय?

उल्हासनगर कॅम्प २ च्या फर्निचर बाजारात फिकट लाकडाचा, बारीक पायांचा सोफा कुणी ‘नॉर्डिक’ म्हणून दाखवला, तर नावाला हरकत नाही. घोळ होतो तो नॉर्डिक आणि स्कँडिनेव्हियन हे शब्द एकच धरण्यात.

स्कँडिनेव्हियात रूढ अर्थाने डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन येतात. नॉर्डिक देशांत त्यांच्या जोडीला फिनलंड आणि आइसलँडही. कॅम्प २ चा माणूस उल्हासनगरकर असतोच, पण प्रत्येक उल्हासनगरकर कॅम्प २ चा नसतो, तसेच हे. फिनिश भाषा तर स्वीडिश-नॉर्वेजियनच्या कुळातलीही नाही.

स्कीइंगमध्ये मात्र हा शब्द देश सोडून थेट टाचेशी येतो. नॉर्डिक प्रकारात बुटाचा फक्त पुढचा भाग बाइंडिंगला (बूट स्कीच्या पट्टीला जोडणारी पकड) अडकवतात, टाच मोकळी. त्यामुळे सपाटीवर ढकलत जाता येते, चढही चढता येतो. अल्पाइन प्रकारात टाचही जखडलेली, कारण वेगाने उतरताना ताबा हवा. क्रॉस-कंट्री (बर्फावरची लांब पल्ल्याची शर्यत), स्की जंपिंग आणि या दोन्हींची जोड असलेले नॉर्डिक कंबाइन्ड हे नॉर्डिक खेळ. स्की जंपिंग नॉर्डिक, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. पण हवेत झेपावलेल्या खेळाडूची टाच पाहा, पट्टीपासून उचललेली दिसेल.

खेळाडू कुठला, याचा इथे संबंध नाही. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये क्रॉस-कंट्रीत उतरलेले भारताचे जगदीश सिंग नॉर्डिक स्कीअर. २०२२ मध्ये बीजिंगला गेलेले काश्मीरचे आरिफ खान अल्पाइन.