सुट्टी लांबली, परवाना संपला

आखाती देशात नोकरीला गेलेला माणूस दोन वर्षांनी घरी येतो तेव्हा घरात सणच असतो. बहिणीच्या लग्नाची बोलणी त्याच्यासाठी थांबवून ठेवलेली असतात. घराचा स्लॅब, आईच्या डोळ्याचे ऑपरेशन, जमिनीच्या वाटणीवरची सही, सारे त्या एका सुट्टीत उरकायचे असते. मग कोणीतरी म्हणतेच, "आता आलाच आहेस, तर आठ-पंधरा दिवस आणखी राहा." हे प्रेमाचे बोलणे कधी कधी फार महाग पडते. पंधरा दिवसांनी तोच माणूस मुंबईच्या विमानतळावरून बॅगांसह परत येतो. विमान कंपनीने त्याला बसूच दिलेले नसते.

आम्ही दिवसभर कचेरीत फाइलींवर तारखा टाकणारे कारकून. संध्याकाळी लोकांचे अर्ज लिहून देतो. असा माणूस कागद घेऊन आला की त्याचा प्रश्न ठरलेला असतो: "माझ्या इकाम्याला अजून पाच महिने आहेत. मग मला का अडवले?" हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र सुट्टीवर निघण्याआधीच माहीत असायला हवे, म्हणून हा लेख.

एक तारीख नव्हे, तीन

सौदी अरेबियात राहण्याचा परवाना म्हणजे इकामा. पण इकामा हातात आहे म्हणून देशाबाहेर जाऊन परत येता येते असे नाही. त्यासाठी वेगळी परवानगी लागते, तिला एक्झिट री-एन्ट्री व्हिसा म्हणतात. एका खेपेच्या परवानगीला दोन महिन्यांसाठी २०० रियाल आणि पुढच्या प्रत्येक महिन्याला १०० रियाल, असा दर २०१६ च्या ऑक्टोबरपासून लागू झाला. इकामा जिवंत असला तरी ही परवानगी संपली की परतीचा दरवाजा बंद होतो. तिसरी तारीख पासपोर्टची. ती जवळ आली असेल तर पहिल्या दोन्ही अडचणीत येतात.

यातही एक मेख आहे. परवानगीवर नुसते दिवस लिहिले असतील, म्हणजे ६०, ९० किंवा १२०, तर ते दिवस देश सोडल्यापासून मोजले जातात. पण "अमुक तारखेच्या आत परत या" असे लिहिले असेल, तर परवानगी काढली त्या दिवसापासूनच मुदत सुरू झालेली असते. परवानगी काढून तीन आठवड्यांनी विमानात बसलेल्याचे तीन आठवडे तिथेच गेले! अनेकांची गफलत इथे होते, आणि ती अडाणीपणाने होते असे मुळीच नाही. अरबी आणि इंग्रजीतला तो कागद नीट समजावून सांगणारा कोणी नसतो, हे खरे कारण आहे.

संयुक्त अरब अमिरातीची रीत निराळी. तिथे वेगळी परवानगी काढावी लागत नाही, पण सलग सहा महिने देशाबाहेर राहिले की सामान्य नोकरदाराचा निवास परवाना रद्द होतो, मग कार्डावर वर्षाची मुदत शिल्लक का असेना. २०२३ च्या जानेवारीपासून एक वाट निघाली. मुदत शिल्लक असलेल्याने उशिराचे कारण पुराव्यासह दाखवून परतीच्या परवानगीचा अर्ज करावा आणि जादा राहिलेल्या दर ३० दिवसांना १०० दिरहम दंड भरावा. कुवेतमध्येही खासगी नोकरीतल्या माणसाला सहा महिन्यांची मर्यादा आहे. २०२२ पासून अमिरातीत पासपोर्टात व्हिसा चिकटवणे बंद झाले. तारीख आता कार्डावर आणि संगणकात असते. पासपोर्ट चाळून घरच्यांना काही कळेल, हे दिवस गेले.

तारीख कोणाच्या हाती?

आखातातील जुनी पद्धत कफालतीची. कामगार देशात येतो तो मालकाच्या, म्हणजे कफीलच्या, जामिनावर. सौदीत १४ मार्च २०२१ पासून खासगी क्षेत्रातील बहुतेक कामगारांना परतीची परवानगी मालकाला न विचारता सरकारी 'अबशर' सेवेतून स्वतः काढता येऊ लागली. ही सुधारणा मोठी आहे, तिचा उपयोग करून घेतला पाहिजे. घरकाम करणारे, ड्रायव्हर, माळी मात्र तिच्याबाहेर राहिले. शिवाय इकाम्याचे नूतनीकरण मालकाच्याच हाती राहिले.

यातून एक वाईट प्रथा पडली आहे. माणूस कमी करायचा असला की त्याला खुशीने सुट्टी द्यायची आणि तो गावी असताना मुदत संपू द्यायची. नोटीस नाही, हिशेब नाही, भांडण नाही. कामगार फोन करीत राहतो, "बघतो" असे उत्तर येत राहते, आणि एक दिवस तारीख उलटून जाते.

यात बुडते काय? समजा, एका गवंड्याने सौदीत आठ वर्षे २,००० रियाल पगारावर काम केले. मालकाने नोकरी संपवली तर तिथल्या कायद्याप्रमाणे पहिल्या पाच वर्षांचा दरसाल अर्धा पगार, म्हणजे ५,००० रियाल, आणि पुढच्या तीन वर्षांचा दरसाल पूर्ण पगार, म्हणजे ६,००० रियाल. असे ११,००० रियाल त्याच्या हक्काचे होतात. तो माणूस इथे आणि हिशेब तिथे, असे झाले की ही रक्कम मागायला उभे कोण राहणार? उलट योग्य कारणाशिवाय सलग १५ दिवसांहून अधिक गैरहजर राहिला म्हणून, लेखी ताकीद देऊन, त्याला काही न देता काढण्याची मुभा तोच कायदा मालकाला देतो. म्हणूनच उशिराचे कारण लेखी कळवणे फार महत्त्वाचे.

पूर्वी सौदीत मुदतीत न परतलेल्याला तीन वर्षे दुसऱ्या मालकाकडे येण्याची बंदी होती. ती जानेवारी २०२४ मध्ये उठली. पण बंदी उठली म्हणजे जुनी नोकरी परत मिळाली असे नव्हे. पुन्हा नवा व्हिसा, नवी वैद्यकीय तपासणी, पुन्हा एजंट, आणि बहुधा पुन्हा कर्ज.

महामारीने दाखवलेली गोष्ट

मार्च २०२० मध्ये विमाने बंद झाली तेव्हा सुट्टीवर आलेले असंख्य लोक एकदम अडकले. अमिरातीने परवान्यांना २०२० च्या डिसेंबरअखेरपर्यंत मुदतवाढ जाहीर केली आणि जुलैमध्ये ती मागेही घेतली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सौदीने भारतातून येणाऱ्यांना प्रवेश बंद केला, तो थेट प्रवास १ डिसेंबर २०२१ पासून पुन्हा सुरू झाला. या काळात सौदी सरकारने बाहेर अडकलेल्यांचे इकामे आणि परतीच्या परवानग्या फी न घेता वारंवार वाढवल्या, शेवटी ३१ मार्च २०२२ पर्यंत.

याचा अर्थ काय? ही तारीख दगडावरची रेघ नाही. सरकारने मनात आणले तर ती पुढे सरकते. पैसा असला तरी सरकते. अमिरातीच्या गोल्डन व्हिसाधारकाला सहा महिन्यांची अट नाही. सौदीने २०१९ मध्ये ८ लाख रियाल भरणाऱ्याला कायम राहण्याचा परवाना देऊ केला. ज्याने वीस वर्षे त्या देशाच्या इमारती बांधल्या तो मात्र शेवटपर्यंत तात्पुरता, आणि आई अंथरुणाला खिळली तरी त्याने दिवस मोजतच तिच्या उशाशी बसायचे! ही विषमता बोलून दाखवलीच पाहिजे. पण ती दूर होईपर्यंत आपल्या माणसाचे नुकसान टाळणे आपल्या हाती आहे.

घरच्यांनी काय करावे?

माणूस गावी आला की पहिल्याच दिवशी इकामा, परतीची परवानगी आणि पासपोर्ट या तिन्ही तारखा कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहाव्यात. तिन्हींपैकी सर्वात आधीची तारीख खरी समजावी आणि तिकीट तिच्या निदान आठवडाभर आधीचे काढावे. लग्नाचा दिवस त्यानंतर ठरवावा, आधी नव्हे.

निघण्यापूर्वी करारपत्र, पगाराच्या पावत्या आणि दोन्ही परवान्यांच्या प्रती घरी ठेवाव्यात. आजारपणाने राहावेच लागले तर डॉक्टरांचा दाखला जोडून मालकाला मुदत संपण्याआधी लेखी कळवावे. सौदीची परतीची परवानगी, इकामा चालू असेल तर, माणूस बाहेर असतानाही फी भरून वाढवता येते. अर्ज केल्याचा पुरावा जपून ठेवावा. नुसत्या फोनवरच्या शब्दावर विसंबू नये. न समजणाऱ्या कागदावर, विशेषतः राजीनाम्यावर, सही करू नये.

मुदत संपलीच तरी हक्काचा पैसा संपत नाही. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. रियाध, जेद्दा आणि दुबई येथील प्रवासी भारतीय सहायता केंद्रांकडे आणि आपल्या दूतावासाकडे दाद मागता येते. तिथल्या विश्वासू माणसाला मुखत्यारपत्र देऊन हिशेबाची मागणी पुढे नेता येते.

आमच्या भगिनींना एक खास सांगणे आहे. परदेशातून आलेला पैसा तुम्ही काटकसरीने सांभाळता, मुलांच्या फीची तारीख कधी चुकू देत नाही. ही तीन तारखांची चौकशीही तुम्हीच आपल्या हाती घ्या. "कधी जाणार?" असे विचारणे म्हणजे माणसाला घालवणे नव्हे. त्याने पुन्हा मानाने जावे आणि हक्काचे सारे घेऊन मानानेच परत यावे, यासाठीच ते विचारायचे असते.