नकाराचा योग्य क्रमांक



घरांतील मुलाला आपण वाण्याकडे साखर आणावयास पाठवितों. तो रिकाम्या हातानें परत येतो आणि म्हणतो, "नाहीं मिळाली." एवढ्या उत्तरानें आपलें समाधान होत नाहीं. दुकानांत गर्दी होती कीं साखरच संपली होती? कीं नेलेले पैसे कमी पडले? कारण निराळें, तशी आपली पुढील हालचालही निराळी. गर्दी असेल तर घटकाभरानें पुन्हां पाठवावयाचें. साखर संपली असेल तर दुसरें दुकान पाहावयाचें. पण गर्दीला कंटाळलेल्या मुलानें "दुकानच उठलें" असें सांगितलें, तर आपण त्या दुकानाकडे पुन्हां फिरकणार नाहीं. साखर मिळाली नाहीं हें खरें. परंतु कारण खोटें सांगितल्यानें सारा घोटाळा होतो.

संगणकांत अशा निरोप्याचें काम 'ड्रायव्हर' नांवाचा प्रोग्रॅम करितो. कॅमेरा, डिस्क, छपाईयंत्र अशा प्रत्येक उपकरणाची भाषा निराळी. ती जाणणारा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिम आणि उपकरण यांच्यामध्यें उभा असतो. काम झालें नाहीं तर तो लांबलचक हकीकत सांगत नाहीं. फक्त एक क्रमांक देतो. १९६९ मध्यें जन्मलेल्या युनिक्सपासून ही चाल पडली आणि १९९१ मध्यें निघालेल्या लिनक्सनें ती पुढें चालविली. लिनक्सच्या कर्नेलमध्यें ड्रायव्हर हा क्रमांक ऋण करून परत करितो, म्हणजे अपयश आणि यश यांची गल्लत होत नाहीं. पुढें तोच धन करून आपल्या प्रोग्रॅमच्या हातीं दिला जातो आणि आपल्याला पडद्यावर एखादें वाक्य दिसतें.

या तक्त्यांतील कांहीं नेमके क्रमांक पाहूं. ५ म्हणजे उपकरणाशीं देवघेव करतांना प्रत्यक्ष बिघाड झाला. ११ म्हणजे आतां जमत नाहीं, पुन्हां प्रयत्न करा. १६ म्हणजे उपकरण दुसऱ्या कामांत गुंतलें आहे. १९ म्हणजे असें उपकरणच नाहीं. २२ म्हणजे मागणी समजली, पण तिच्यांतील तपशील चुकीचा आहे. २५ ची कथा गमतीची आहे. कर्नेलच्या तक्त्यांत त्याच्यापुढें आजही 'हा टाइपरायटर नव्हे' अशा अर्थाचे शब्द आहेत. युनिक्सच्या आरंभींच्या काळांत माणसें टेलिटाइप यंत्रावर बसून संगणकाशीं बोलत, त्या काळाची ही खूण. आज मात्र त्याचा अर्थ, हें उपकरण ही आज्ञाच ओळखत नाहीं, असा घेतला जातो. २२ आल्यास प्रोग्रॅमनें तपशील सुधारावा, २५ आल्यास ती वाटच सोडावी. हे दोन क्रमांक एकमेकांच्या जागीं चालत नाहींत.

चुकीच्या क्रमांकानें काय होतें? समजा, डिस्कवरील एक भाग कायमचा खराब झाला आहे आणि ड्रायव्हरनें ५ ऐवजीं ११ सांगितला. प्रोग्रॅम बिचारा त्याच भागावर पुन्हां पुन्हां प्रयत्न करीत बसेल, आणि मालकाला डिस्क बिघडल्याची वार्ता लागणार नाहीं. याहून वाईट म्हणजे अपयश लपवून शून्य, म्हणजे 'सर्व ठीक', असें कळविणें. लग्नाचीं छायाचित्रें डिस्कवर उतरलीं, या भरंवशावर गृहस्थ कॅमेऱ्यांतील मूळ प्रति पुसून टाकील. आणि मग हाती कांहींच उरणार नाहीं.

१९ या क्रमांकाचाही असाच मोह पडतो. संगणक सुरू होतांना ड्रायव्हर आपलें उपकरण शोधतो. त्यानें १९ सांगितला तर लिनक्स फारसा बोभाटा करीत नाहीं, कारण उपकरण नसणें हा कांहीं अपराध नव्हे. परंतु उपकरण जागेवर असून बिघडलेलें असेल आणि तरीही १९ सांगितला, तर तो बिघाड मुकाट्यानें झांकला जातो. दुरुस्त करणारा मग काळोखांत चांचपडत राहतो.

कित्येकदां ड्रायव्हरलाच दुसऱ्याची वाट पाहावी लागते. त्याला वीज पुरविणारा भाग अजून जागा झालेला नसतो. यासाठीं २०१२ मध्यें लिनक्सनें ५१७ हा खास घरगुती क्रमांक घेतला. तो मिळतांच कर्नेल त्या ड्रायव्हरला बाजूस ठेवतें आणि दुसरीं उपकरणें तयार होतील तसतशी त्याला पुन्हां संधि देतें. परंतु खालून आलेला ५१७ मध्येंच कोणी बदलून २२ केला, तर ती संधि गेली. म्हणून जाणते लोक सांगतात कीं, खालून आलेला क्रमांक सबळ कारणावांचून बदलूं नये. जसाच्या तसा वर पोंचवावा.

२०१२ च्याच डिसेंबरांत एका कॅमेरा ड्रायव्हरच्या उत्तरांत फेरफार होऊन २, म्हणजे 'अशी फाइल नाहीं', हा क्रमांक जाऊं लागला. फाइलचा तेथें संबंधच नव्हता. ध्वनीशीं निगडित प्रोग्रॅम बिघडल्याची तक्रार आली. दोष त्या प्रोग्रॅमचा, असें म्हणणाऱ्यांना लिनक्सचे जनक लिनुस टोरवाल्ड्स यांनीं कडक शब्दांत सुनावलें: कर्नेलमधील बदलानें लोकांचे चालते प्रोग्रॅम मोडले, तर चूक कर्नेलची. एकदां दिलेलें उत्तर हा एक प्रकारचा करारच असतो.

तेव्हां ड्रायव्हर लिहिणाऱ्यानें क्रमांक निवडतांना स्वतःस एकच प्रश्न विचारावा: हें उत्तर ऐकून पलीकडचा काय करील? थांबेल, पुन्हां प्रयत्न करील, मागणी सुधारील, कीं डिस्क बदलील? जें करणें खरोखर योग्य, तेंच त्याच्याकडून घडविणारा क्रमांक निवडावा. काम न होणें हें कित्येकदां निरोप्याच्या हातीं नसतें; तें कां झालें नाहीं, हें खरें सांगणें मात्र सर्वस्वी त्याच्याच हातीं असतें.