पिशवीची जाडी तराजूवर कशी ओळखावी

रोपांकरितां काळ्या प्लॅस्टिक पिशव्या घेणाऱ्या शेतकऱ्यास दुकानांत तीन भाषा ऐकावयास मिळतात. कोणी इंच सांगतो, कोणी गेज, कोणी मायक्रॉन. तासगांवकडे द्राक्षाच्या डॉगरिज खुंटाचीं रोपें अशाच पिशव्यांत वाढवितात. पातळ पिशवी वाहतुकींत फाटली, मुळांचा गड्डा सुटला, कीं रोप हातचें गेलें. म्हणून या आंकड्यांचा उलगडा येथें करितों.

मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. 100 गेज म्हणजे सुमारें 25 मायक्रॉन. हें माप एका पदराचें असतें. दोन पदर मिळून 50 मायक्रॉन भरणारी पिशवी 25 मायक्रॉनचीच होय, हें विचारून घ्यावें. नगावर खरेदी करणारा येथेंच फसतो.

रुंदी पिशवी सपाट पसरून मोजतात. 6 इंची पिशवींत माती भरली कीं घेर 12 इंच व व्यास सुमारें पावणेचार इंच होतो. वाफ्यांतील मांडणीचा हिशेब या व्यासावर करावा.

आतां जाडीची पारख. सूक्ष्ममापक यंत्र सर्वांपाशीं नसतें, तराजू असतो. इंचांतील लांबी, रुंदी व मायक्रॉन यांचा गुणाकार करून त्यांत त्याचा पांचवा हिस्सा मिळवावा. तें 1000 पिशव्यांचें ग्रॅममधील वजन. 6 बाय 8 इंच, 50 मायक्रॉन, यांचा गुणाकार 2400. त्यांत 480 मिळवून 2880 ग्रॅम. म्हणजे किलोंत सुमारें 350 नग. किलोस 500 निघाल्यास माल 35 मायक्रॉनचा समजावा. भोकें व जोड यांमुळें थोडा फरक पडेल, तो सोडून द्यावा.

खडूची भुकटी मिसळलेला माल मात्र पातळ असूनहि जड भरतो. निव्वळ पॉलिथीन पाण्यावर तरंगतें. हवेचे बुडबुडे काढलेला तुकडा बुडाला तर भेसळ भरपूर आहे असें जाणावें. भेसळ थोडी असल्यास तुकडा तरंगेलहि, एवढी या कसोटीची मर्यादा आहे.

कांहीं विक्रेते 120 मायक्रॉनचा कायदा पुढें करितात. तो आंकडा 31 डिसेंबर 2022 पासून सामान नेण्याच्या हातपिशव्यांस लागू झाला आहे; त्याचा रोपांच्या पिशवीशीं संबंध नाहीं. जाडी कामावर ठरते. महाबळेश्वरीं स्ट्रॉबेरीच्या गादीवाफ्यावर एका हंगामापुरता 25 ते 30 मायक्रॉनचा कागद पुरतो. शेततळ्यास 500 मायक्रॉनचा लागतो.

आमची हयात महसुली कागद पडताळण्यांत गेली, म्हणून एवढें सुचवितों: पावतीवर लांबी, रुंदी, एका पदराचे मायक्रॉन व 100 नगांचें वजन हीं चारहि लिहून घ्यावीं, आणि तें वजन दुकानांतच करून पाहावें.