शिवारफेरी आणि रानफुलें

पोळा झाला, निंदणी-खुरपणी उरकली, कीं सोयाबीन काढणीस येण्यापूर्वीं शेतकऱ्यास चार दिवसांची उसंत मिळते. याच सुमारास छत्रपती संभाजीनगर शहरांतील हौशी मंडळी दौलताबाद, वेरूळ व म्हैसमाळ या बाजूच्या डोंगरांत रानफुलें पाहत पायीं भटकावयास निघतात. ज्यास वर्षभर रानांतच राबावयाचें, त्यास हा रिकामपणाचा उद्योग वाटणें साहजिक आहे. परंतु अशा फेरींत शेतकऱ्याच्या हिताचें कांहीं आहे काय, याचा विचार प्रस्तुत लेखांत करावयाचा आहे.

प्रथम वाटेवरील इतिहास पाहूं. देवगिरी ही यादवांची राजधानी. तिजवर १२९६ सालीं अल्लाउद्दीन खिलजीची स्वारी झाली, आणि १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीची राजधानी येथें आणून तिचें नांव दौलताबाद ठेविलें. पुढें खुलताबादेस निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याची कबर आहे. त्यानें १६१० सालीं खडकी हें नगर वसविलें. तेंच आजचें संभाजीनगर. १६२६ सालीं तो वारला. त्याच्या लढायांपेक्षां शेतकऱ्यानें लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट अशी, कीं त्यानें जमिनीचा कस व प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरविण्याची पद्धत घातली. सारा जमिनीच्या मगदुराप्रमाणें असावा, हें तत्त्व पुढें इंग्रजी अमदानींतील आकारणींतही राहिलें. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे ही कबर आपणांस परकी वाटत नाहीं.

तेथून म्हैसमाळाचें पठार दूर नाहीं. समुद्रसपाटीपासून ३,००० फुटांहून उंच असलेल्या या पठारावर काळ्या फत्तरावर मातीचा थर पुष्कळ ठिकाणीं वीतभरही नाहीं. पाऊस थांबला कीं ही माती लवकर सुकते. म्हणून उगवणें, फुलणें व बीं धरणें हा सर्व संसार येथील लहान झाडोऱ्यास थोड्या आठवड्यांत उरकावा लागतो. भाद्रपदांत एकदम फुलांचा गालिचा पसरलेला दिसतो, त्याचें कारण हेंच. तेरड्याचीं पक्व बोंडें बोट लागतांच फुटून बीं दूर उडवितात. कळलावीचें फूल प्रथम पिंवळट असून पुढें लाल होतें. तिचा कंद मात्र जहाल विषारी आहे. खोडून नेलेलें प्रत्येक फूल म्हणजे पुढील वर्षाचें बुडालेलें बीं होय.

आतां शेतकऱ्याच्या खऱ्या कामाची गोष्ट. रानतीळ, रानमूग, रानभेंडी हीं आपल्याच पिकांचीं भाईबंद मंडळी. त्यांना कोणी खत घातलें नाहीं कीं पाणी दिलें नाहीं. तरीही तीं दुष्काळ व रोग सोसून टिकलीं आहेत. भेंडीचीं पानें पिवळीं पाडणारा हळद्या रोग आपण सर्व जाणतों. परभणीच्या कृषि विद्यापीठानें भेंडीचा तिच्या एका रानटी जातीशीं संकर करून ‘परभणी क्रांती’ हें या रोगास दाद न देणारें वाण १९८० च्या दशकांत सिद्ध केलें. भाताचीही हकीकत अशीच आहे. १९७० च्या दशकांत आशियांतील भातशेती रोपें खुजीं करणाऱ्या एका विषाणुरोगानें बुडूं लागली, तेव्हां तपासलेल्या हजारों नमुन्यांत उत्तर प्रदेशांतून गोळा केलेलें एक रानभात त्यास पुरून उरलें, व त्याच्या संकरांतून आयआर-३६ हें वाण निघालें. सारांश, बांध जाळून साफ करणारा शेतकरी उद्यांच्या बियाण्याची कोठारेंच जाळीत असतो.

याचा अर्थ सगळेंच राखावें असा नव्हे. टारफुल्याचें पांढरें फूल दिसावयास नाजूक, पण तें ज्वारीच्या मुळांतून अन्नरस शोषतें. तें बीं धरण्यापूर्वींच उपटावें. १९५० च्या दशकांत पुण्याकडे प्रथम नजरेस आलेलें गाजरगवतही तसेंच. तें कातडीस खाज आणतें, जनावरांच्या उपयोगी पडत नाहीं, आणि देशी वनस्पतींची जागा बळकावतें. मित्र कोण व वैरी कोण, हें ओळखण्याची शाळा म्हणजेच शिवारफेरी. शिवाय, तूर व तीळ फुलोऱ्यावर येण्यापूर्वीं मधमाश्यांस पोसतात तीं बांधावरचीं फुलेंच. सरसकट तणनाशक फवारून तीं मारलीं, तर ऐन फुलोऱ्यांत माश्या कोठून येणार?

तेव्हां प्रत्येक गांवीं पोळ्यानंतर अशी एक फेरी काढावी. मंडळी पंधरा-वीसच असावीं. सोबत वनस्पतिशास्त्राचा एखादा शिक्षक आणि झाडपाल्याचीं जुनीं नांवें जाणणारी एखादी वडीलधारी व्यक्ती असावी. एकाचें ज्ञान दुसऱ्यावांचून अपुरें आहे. शेताच्या धन्यास विचारल्यावांचून कोणाच्या शेतांत पाऊल घालूं नये, पायवाटेनें एकामागून एक चालावें, कंद उपटूं नये. पाहिलेल्या फुलाचें नांव, जागा व तिथि वहींत टिपावी. चार-पांच वर्षांच्या वह्या जुळवून पाहिल्या, म्हणजे आपल्या शिवारांतून काय नाहींसें होत आहे, हें आपल्याच अक्षरांत आपणांस वाचावयास मिळेल. आणि जें गेल्याचें कळलें, तेंच परत आणण्याचा यत्न करतां येतो.