चौकट : केमसेक्स म्हणजे नेमके काय?

संकोच सुटावा, शरीरसंबंध लांबावा म्हणून त्याआधी किंवा त्यादरम्यान अमली पदार्थ घेणे म्हणजे केमसेक्स. आरोग्य संशोधनात हा विषय ठळकपणे पुढे आला तो लंडनमधल्या समलिंगी पुरुषांच्या २०१४ च्या अभ्यासातून. तिथली मुख्य त्रयी मेफेड्रोन, क्रिस्टल मेथ आणि जीएचबी. यातले मेफेड्रोन म्हणजे आपल्या बातम्यांतले ‘एमडी’. २०१५ पासून ते अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्याखाली आहे.

एमडीचा अंमल लवकर उतरतो, म्हणून पुन्हा पुन्हा घेतले जाते. भूक-झोपेचे भान सुटते, कंडोम राहून जातो, एचआयव्ही असलेल्याची रोजची गोळीही चुकते. जीएचबीवर दारू घेतली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.

नागपूरजवळची, अमरावती रोडवरची वाडी म्हणजे गोदामे आणि ट्रान्सपोर्ट. ट्रकचालकांसाठी एड्स नियंत्रणाचे स्वतंत्र कार्यक्रम आहेत. पण इथला समलिंगी तरुण ओळखीच्या डॉक्टरपुढे नशेबद्दल तोंड उघडेल, ही अपेक्षा भाबडीच. समलिंगी संबंध गुन्हा न ठरवणारा कलम ३७७ चा निकाल २०१८ मध्ये लागला असला तरी!

फारशी माहीत नसलेली गोष्ट : एनडीपीएसच्या कलम ६४अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळते.

असुरक्षित संबंध आला असेल तर थांबू नका. एचआयव्ही रोखणारी पीईपी औषधे ७२ तासांच्या आत, जितक्या लवकर तितकी चांगली. चौकशीसाठी राष्ट्रीय मोफत हेल्पलाइन : १०९७.