संपर्कोत्तर एचआयव्ही-प्रतिबंध, बालकांतील

एचआयव्ही विषाणूशी संपर्क आल्याची शक्यता असताना संसर्ग शरीरात स्थिर होण्यापूर्वी विषाणुरोधक औषधे देऊन तो टाळण्याच्या उपचारास ‘संपर्कोत्तर प्रतिबंध’ म्हणतात. बालके व किशोरवयीन यांच्या बाबतीत लैंगिक अत्याचार, असुरक्षित लैंगिक संबंध आणि वापरलेली सुई टोचणे हे त्याचे मुख्य प्रसंग होत. उपचार शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस चालू ठेवतात.

तत्त्व : श्लेष्मकलेतून (आतील मऊ अस्तरातून) शिरलेला विषाणू प्रथम तेथील मोजक्या कोशिकांत वाढतो व काही दिवसांतच लसीका ग्रंथी आणि रक्त यांत पसरतो. त्याची आनुवंशिक सामग्री कोशिकेच्या डीएनएत समाविष्ट होऊन संसर्ग स्थिरावला, की सध्याच्या औषधांनी तो दाबता येतो. समूळ नाहीसा करता येत नाही. म्हणून येथे वेळेला निर्णायक महत्त्व आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या माकडांवरील प्रयोगात २४ तासांत सुरू करून २८ दिवस दिलेल्या टेनोफोव्हिराने पूर्ण संरक्षण मिळाले. विलंबाने अथवा कमी दिवस दिल्यास ते घटले. मानवी बालकांतील पुरावा मुख्यतः नवजात अर्भकांचा आहे. गरोदर माता व नवजात अर्भक या दोघांना झिडोव्हुडीन दिल्यास मातेकडून होणारा संसर्ग सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होतो, असे १९९४ मध्ये दिसून आले.

निर्णय : अखंड त्वचेवर पडलेले रक्त, तसेच रक्तविरहित लाळ, अश्रू वा मूत्र यांमुळे उपचाराची गरज पडत नाही. रस्त्यावर पडलेल्या जुन्या सुईपासूनचा धोका अत्यल्प असतो. उलट लैंगिक अत्याचारात आरोपीच्या रक्ततपासणीची वाट न पाहता पहिली मात्रा देतात. बालकाची तपासणी त्याच वेळी करतात. परंतु तिच्यासाठी औषध थांबवत नाहीत.

औषधे : सामान्यतः तीन औषधे एकत्र देतात. त्यांपैकी दोन रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज या एंझाइमास रोधणारी असतात. तिसरे बहुधा डोल्युटेग्राव्हिर असते. निवड वय व वजन यांवर आणि मात्रा मुख्यतः वजनावर ठरते. लहान बालकांसाठी पाण्यात विरघळणाऱ्या गोळ्या वा द्रवरूप औषधे असतात. मळमळ, भीती व गुप्ततेची चिंता यांमुळे किशोरवयीन मुले उपचार अर्धवट सोडतात. म्हणून सर्व २८ दिवसांची औषधे प्रथम भेटीतच द्यावीत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. आवश्यकतेनुसार यकृतशोथ-ब ची लस, गर्भधारणा-प्रतिबंध व समुपदेशनही देतात. सुमारे सहा आठवड्यांनी व तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासतात.

कायदेशीर तरतूद : भारतात बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या अधिनियमाखालील २०२० च्या नियमांनुसार, पीडित बालकास तातडीची वैद्यकीय सेवा देण्यापूर्वी कोणत्याही रुग्णालयास वा वैद्यकास पोलिसांचे अथवा न्यायालयाचे पत्र मागता येत नाही. एचआयव्ही-प्रतिबंधक उपचाराचा या सेवेत स्पष्ट समावेश आहे. त्यामुळे पालकांनी तक्रार नोंदविली जाण्याची वाट न पाहता बालकास प्रथम रुग्णालयात नेणे इष्ट होय.