सीतेची नीता

दीपा मेहता यांचा ‘फायर’ (1996) भारतात नोव्हेंबर 1998 मध्ये प्रदर्शित झाला. लाजपतनगरमधल्या एकत्र कुटुंबातल्या दोन जावा, राधा आणि सीता, एकमेकींच्या प्रेमात पडतात, एवढेच त्याचे कथानक. सेन्सॉर बोर्डाने त्यातले एकही दृश्य कापले नाही, हे आज कुणाच्या लक्षात नसते. अट एकच घातली गेली : हिंदी आवृत्तीत सीतेचे नाव नीता करावे. इंग्रजीत ती सीताच राहिली.

ही अट मला त्यानंतरच्या दगडफेकीइतकीच बोलकी वाटते. प्रेम दिसले तर चालेल, पण ते ओळखीच्या नावाने दिसू नये. 2 डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्सवर शिवसैनिकांनी हल्ला केला, काचा फोडल्या. दुसऱ्या दिवशी दिल्लीचे रीगल. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी तोडफोड करणाऱ्यांचे जाहीर अभिनंदन केले. शिवसेनाप्रमुखांचे म्हणणे, पात्रांची नावे मुसलमान ठेवा, मग विरोध नाही. म्हणजे भांडण पुन्हा नावापाशीच आले. (राधेचे काम करणारी नटी शबाना आझमी होती, हा योगायोग सोडून देऊ.)

मराठीला हा विषय नवा होता असे नाही. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आले होते. रोहिणी हट्टंगडी त्यात सुमित्रा झाल्या होत्या. शीर्षकातच खुबी आहे. ‘मित्राची’ म्हणजे मित्रा नावाच्या मुलीची, आणि कुणा मित्राचीही. न सांगता सांगण्याची सोय भाषेनेच करून दिलेली. पाठोपाठ ‘उंबरठा’ चित्रपटात महिलाश्रमातल्या दोघींचे नाते ओझरते दिसले. कुणी काचा फोडल्या नाहीत. माझ्या मते त्याचे एक कारण शेवटात आहे. मित्रा मरते. राधा आणि सीता मात्र जिवंत राहतात आणि निजामुद्दीनच्या दर्ग्यात एकमेकींना भेटतात. शोकांतिका आपल्याला पचते; सुखरूप सुटलेल्या दोन बायका पचत नाहीत.

हल्लेखोरांचे सोडा, ते निदान स्पष्ट बोलत होते. मला जास्त विचार करायला लावला तो पाठीराख्यांनी. चित्रपट समलिंगी संबंधांबद्दल नाहीच, तो एकाकीपणाबद्दल, स्त्रीच्या निवडीच्या हक्काबद्दल आहे, असे खुद्द दिग्दर्शिका सांगत होत्या. अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या सभांतही हाच सूर. हेतू चांगला होता, बचावाची निकडही होती. पण सेन्सॉरने जे नावाचे केले तेच इथे विषयाचे झाले. एवढेच की हे काम मित्रांच्या हातून झाले.

चित्रपटात सीता राधेला म्हणते की आपण जे आहोत त्याला आपल्या भाषेत शब्द नाही. 7 डिसेंबरला रीगलसमोर मेणबत्त्या घेऊन निदर्शने झाली. स्त्री संघटना होत्या, कलावंत होते, लोकशाही आणि स्वातंत्र्याचे फलक होते. त्या गर्दीत एका फलकावर दोनच ओळखी एकत्र लिहिलेल्या होत्या : भारतीय आणि लेस्बियन. या जमावातूनच पुढे लेस्बियन हक्कांसाठीची मोहीम उभी राहिली.

फेब्रुवारी 1999 मध्ये बोर्डाने चित्रपट पुन्हा तपासला आणि पुन्हा काटछाट न करता सोडला. त्या महिन्याच्या अखेरीस तो थिएटरात परतला तेव्हा कुणी दगड मारला नाही.